मागच्या सीटवरचं कोकण

मोटरसायकलवरून केलेल्या प्रवासाची जेवढी वर्णनं मी वाचली आहेत, ती सगळी पुढे बसणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत वळणं असतात, घाट असतात, उलगडत जाणारा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर कुठेतरी लेखकाला हमखास स्वतःचा शोध लागतो. मागे बसणारीला यातलं काही लागत नाही, फार तर ऊन लागतं. तिच्यासमोर एक हेल्मेट असतं. हेल्मेटच्या मागच्या बाजूला आयएसआयचा स्टिकर असतो. तो तिला पाठ होतो.

रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या १९७४ सालच्या पुस्तकात बाप आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून अर्धी अमेरिका ओलांडतात. बाप पुढे बसून गहन विचार करत असतो. मुलगा मागे बसलेला असतो, आणि त्याचं पोट दुखत असतं. पार शेवटी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, तो फुटरेस्टवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा पुढचं काहीतरी दिसतं. त्या पुस्तकातलं तत्त्वज्ञान मला फारसं झेपलं नाही. मुलाचं म्हणणं मात्र शब्दन्‌शब्द पटलं.

मांडव्यापासून गोव्याच्या तेरेखोलपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं मोटरसायकलवर जायचं, हा बेत अर्थात ह्यांचा. ह्यांच्या ऑफिसात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये एक साथ येऊन गेली होती. आधी सगळे मॅरेथॉन पळाले. मग गुडघे गेले. मग सगळ्यांनी मोटरसायकली घेतल्या, कारण त्यांवर बसायला गुडघे लागत नाहीत असा त्यांचा समज होता. आमच्या दारात जी आली ती कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, मागच्या सीटविषयी माझं मत ऐकून त्यांना वाईट वाटेल. पुढची सीट रुंद, खोलगट, बैठकीचा विचार करून केलेली. मागच्या सीटचा आकार आणि मऊपणा दोन्ही पोळपाटाइतके.

सामानाची वाटणी अगदी समान झाली. दोन बॅगा, एक ह्यांची आणि एक माझी. ह्यांच्या बॅगेत क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, स्पार्क प्लग, पंक्चरचं किट, पान्यांचा संच आणि चेनवर मारायचा स्प्रे. माझ्या बॅगेत दोघांचे कपडे.

शिवाय जॅकेटं. खांद्याला, कोपराला, पाठीला कडक पॅड असलेली, काळी, जाड. ज्या थंड देशांत ती पहिल्यांदा शिवली गेली असतील तिथे ती शोभतही असतील. कोकणात जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि हवेतला दमटपणा वेगळा. मुरूडच्या अलीकडे एका चढावर आम्ही दोघं त्या चिलखतात शिजत असताना शेजारून एक स्कूटर सहज पुढे गेली. चालवणारे गृहस्थ बनियन आणि अर्ध्या चड्डीत, मागे बायको, दोघांच्या मध्ये शाळेतलं पोर आणि पायाशी गॅसचा सिलिंडर. चौघांपैकी हेल्मेट कुणालाच नव्हतं, हे वाईटच. ते घालायलाच हवं, मागे बसणाऱ्यानंही, कायदाही तेच सांगतो. पण त्या बाईनं मान वळवून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यात हेवा नव्हता. “कुठे लागलंय का हो?” असा प्रश्न होता.

ह्यांना मात्र त्या जॅकेटमध्ये शिरलं की आपण एका मोठ्या बिरादरीत दाखल झालो असं वाटायचं. लांबच्या प्रवासाला निघालेले मोटरसायकलवाले समोरासमोर आले की डावा हात किंचित खाली सोडून एकमेकांना खूण करतात. ही रीत ह्यांनी व्हिडिओ बघून आत्मसात केली होती. अडचण एवढीच, की किनाऱ्याच्या रस्त्यावर असे मोटरसायकलवाले तासाला एखाददुसरेच भेटतात आणि आलेला उत्साह वाया घालवणं ह्यांच्या स्वभावात नाही. त्यामुळे रेवदंड्यापासून काशिदपर्यंत ह्यांनी ज्यांना खूण केली त्यांत एक दूधवाले, एक पोस्टमन आणि वीजबिलाचं मीटर वाचायला निघालेला एक मुलगा होता. दूधवाले थांबले. त्यांना वाटलं दूध हवंय.

आता बोलण्याविषयी. नवरा-बायको शेजारी शेजारी बसून प्रवास करतात तेव्हा जे बोलणं होतं, ते मोटरसायकलवर होत नाही. दोन हेल्मेटं, वारा आणि इंजिन यांतून एकही शब्द धड पलीकडे जात नाही. “अहो” ही हाक तर मोटरसायकलसाठी मुळीच सोयीची नाही. वारा ती तोंडातून निघायच्या आत नेतो. म्हणून आम्ही खांद्यावर टकटक करायची भाषा ठरवली. एक टकटक म्हणजे थांबा. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे मागे एक छान काहीतरी गेलं. अलिबागच्या पुढे दोन आणि तीनच्या मध्ये एक खड्डा आला, ह्यांनी गाडी थांबवली, मागे वळून विचारलं, “काय छान?” तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं. मग आम्ही ते मन लावून पाहिलं.

यावर उपाय म्हणून हेल्मेटात बसवायचं बिनतारी यंत्र आणलं होतं. त्यानं एकमेकांचं बोलणं कानात स्पष्ट ऐकू येतं. अशी यंत्रं शोधणाऱ्यांचं लग्न झालेलं नसावं, निदान टिकलेलं नसावं. कारण त्यात नुसतं बोलणं ऐकू येत नाही. उसासा ऐकू येतो. जांभई ऐकू येते. वळणावर मी घेतलेलं देवाचं नाव ऐकू येतं आणि त्यावर ह्यांनी केलेलं “च्‌” ऐकू येतं. घरात माणूस असा उसासा सोडायला गॅलरीत जातो. इथे गॅलरी नाही. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत आम्ही एकमेकांच्या कानात इतके राहिलो, की त्या यंत्राची बॅटरी संपली तेव्हा दोघांनीही हळहळ व्यक्त केली आणि चार्जर कुणीच शोधला नाही.

कोर्लई गेलं ते असं मुक्यानंच. कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांचा, आणि त्याच्या पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीज भाषेतून निपजलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. पोर्तुगीज गेले १७४० साली. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली तरी चुलीपाशी ती बोली टिकली. आमचं बोलणं मांडव्याहून निघाल्यावर काही तासांतच संपलं होतं.

मग आगरदांड्याला आलो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, आणि रस्ता पाण्यात गेलेला.

ज्यांनी कोकणचा किनारा फक्त नकाशावर पाहिला आहे त्यांना वाटतं, एका हाताला सह्याद्री, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधून रस्ता. तसं नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांना समुद्र गाठायला पन्नासएक किलोमीटरच मिळतात. तेवढ्यात त्या घाईनं येतात आणि शेवटी भरतीचं पाणी आत शिरून त्यांची रुंद खाडी होते. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सपाट सडा. म्हणजे माडापोफळींच्या सावलीतून निघायचं, पाच-सात वळणांत सड्यावर चढायचं, एकही झाड नसलेल्या त्या तव्यावर... पण उपमा पुरे, नुसतं भाजायचं म्हणते, आणि मग वळणावळणांनी पुढच्या खाडीत उतरायचं. समुद्र दिसतो तो नेमका वळणावर. वळणावर गाडी तिरकी झालेली असते. तेव्हा मागची बाई डोळे मिटून बसलेली असते.

खाडीशी रस्ता संपतो आणि फेरीबोट लागते. सपाट बुडाची, पुढून फळीसारखा दरवाजा खाली टाकणारी ही बोट माणसं, स्कूटरी, मोटारी आणि टेम्पो पोटात घेते आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते. दाभोळ आणि धोपावे यांच्यात ती २००३ साली सुरू झाली, नंतर बाकीच्या खाड्यांवर आली. दाभोळहून गुहागरला जायला बोट नको म्हटलं, तर दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर फेरा पडतो. बोटीनं गेलं तर चहा निवायच्या आत माणूस पलीकडे असतो.

बोटीत चढताना मागे बसणाऱ्याला खाली उतरवतात. फळी ओली असते, शेवाळलेली असते, गाडी घसरू शकते. ह्यांनी गाडी हळूहळू वर नेली, दोन्ही पाय जमिनीला घासत, दात-ओठ खात. मी मागून हात हलवत चालत गेले. आमच्या सगळ्या प्रवासात माझी प्रतिष्ठा एवढी कधीच वाढली नव्हती.

आणि आतमध्ये आम्ही बोललो. इंजिन बंद, हेल्मेट हातात, जायला जागा नाही. ह्यांना करण्यासारखं काहीही नाही: गिअर नाही, ब्रेक नाही, पेट्रोलचा काटा बघायचं कारण नाही. असा रिकामा नवरा मला घरीसुद्धा मिळत नाही, तिथे त्यांच्या हातात रिमोट असतो. बोटीतली स्थानिक मंडळी समुद्राकडे ढुंकूनही पाहत नव्हती. मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका आपसात कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. शाळेची पोरं फोनमध्ये होती. समुद्राकडे आम्हीच पाहत होतो, तेही पाच मिनिटं. मग मी विचारलं, “गॅसचा कॉक बंद केला होता ना?”

हे प्रेमाचं बोलणं नव्हे, असं कुणी म्हणेल. त्याला लग्नाचा अनुभव कमी आहे.

दिघीहून दिवेआगर, आणि तिथून आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धन. सगळ्या किनाऱ्यात मला मनापासून आवडलेला रस्ता हाच. कारण सरळ आहे: इथे समुद्र समोर नसतो, शेजारी असतो, अगदी चाकाच्या हाताला, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या सीटला सारखाच मिळतो. हेल्मेट मध्ये येत नाही. मान उजवीकडे वळवली की झालं. या रस्त्यावर मी एकदाही टकटक केली नाही. श्रीवर्धनला पोहोचल्यावर ह्यांनी काळजीनं विचारलं, “झोपली होतीस का?” मागे झोपलेली बाई पडते, एवढं तरी पेशव्यांच्या मूळ गावात उभं राहून कळायला हवं होतं.

बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी बोट सावित्री ओलांडते, म्हणजे रायगड जिल्हा सोडून रत्नागिरीत उतरवते. तिथून पुढे बोलण्याची पद्धत बदलते, आदर वाढतो आणि माहिती कमी होते. रस्ता विचारला तर उत्तर येतं, “जावा की असेच पुढे.” किती लांब? “हे काय, आलंच.” आलंच म्हणजे दोन सडे आणि एक खाडी. जेवणाचं त्याहून पक्कं असतं. ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी पाहून केळशीच्या पुढे आम्ही एका घरात शिरलो. “जेवण मिळेल का?” काकू म्हणाल्या, “मिळेल की. उद्या.” यात उद्धटपणा नव्हता. ताजी मासळी, वाटण, तांदळाची भाकरी हे सगळं माणसं मोजून करायचं असतं; सकाळी फोन केला असता तर दुपारी पानं वाढलेली असती. आगाऊ न सांगता येणारा पाहुणा कोकणात उपाशी राहत नाही, पण त्याला पोहे मिळतात. आम्हाला ओलं खोबरं भुरभुरलेले पोहे मिळाले, वर कोकम सरबत, आणि वर एक प्रश्न.

हा प्रश्न किनाराभर आमच्या मागे आला. पन्नाशीतलं जोडपं मुंबईहून एवढ्या लांब मोटरसायकलवर का येईल, याचं पटेल असं कारण कुणालाच सापडत नव्हतं. मुरूडमध्ये विचारलं, “मोटार बिघडली वाटतं?” हर्णैच्या बंदरावर लिलावातली सुरमई बघत उभे होतो तेव्हा एक म्हातारे म्हणाले, “मुलगा मोटार देत नाही काय?” त्यांच्या आवाजात आमच्या मुलाविषयी एवढा संताप होता की मला मुलाची बाजू घ्यावी लागली. आणि खाली मालवणात खानावळीतल्या बाईंनी ताटात सोलकढी ठेवता ठेवता एका वाक्यात निकाल लावला: “रेल्वेची तिकिटां गावली नाय काय?”

ह्यांना त्यांना सांगायचं होतं की हा आनंदासाठी केलेला प्रवास आहे. मी ह्यांचा पाय दाबला आणि म्हटलं, “नाय गावली.” लगेच माशाचा एक तुकडा जास्त आला.

दाभोळच्या बोटीवर आमचं पहिलं खरं भांडण झालं, आणि ते बोटीमुळे झालं हे मी तिच्या बाजूनं सांगते. समोर अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाची धुराडी दिसली. ह्यांनी एन्रॉन सुरू केलं. नव्वदच्या दशकातला करार, विजेचा दर, कोण कोर्टात गेलं, २००१ साली प्रकल्प कसा बंद पडला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, बंद पडलेल्या प्रकल्पांचंच काढायचं तर दिरांनी घेतलेल्या प्लॉटचं काय झालं? धोपाव्याचा धक्का आला तेव्हा आम्ही दोघंही तावातावानं बोलत होतो, बोट रिकामी झाली होती आणि खलाशी फळीशी उभा राहून आमचं संपायची वाट पाहत होता. “बाकीचं गुहागरला करा,” असं तो अगदी सौम्यपणे म्हणाला.

पण गाडी सुरू झाली, वारा लागला आणि भांडण तिथेच थांबलं. थांबणारच, कारण ऐकू येत नाही. पुढची बोट तवसाळहून जयगडला. मधे वेळणेश्वर, हेदवी, एवढा रस्ता. एवढ्या वेळात माणूस मुद्दे तयार करतो, मग त्यांतले निम्मे त्याचे त्यालाच फुसके वाटतात, आणि उरलेले सड्यावरच्या उन्हात विसरतात. तवसाळच्या धक्क्यावर ह्यांनी वडापाव आणले, एक मला दिला आणि म्हणाले, “प्लॉटचं तुझं बरोबर होतं.” मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे वाक्य बोललं जायला एक पिढी गेली असती.

फोनमधल्या नकाशानं आम्हाला मालगुंडच्या आसपास एकदा वाडीत नेलं. रस्ता अरुंद होत गेला, गडगे जवळ आले, आणि शेवटी आमची मोटरसायकल एका सारवलेल्या अंगणात, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या कडेला उभी राहिली. ओटीवरच्या आजी सुपाऱ्या सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “तुळशीला वळसा घाला नि परत जावा, सगळे तसेच जातात.” मग मात्र चष्म्यातून नीट पाहून म्हणाल्या, “कोकमाचं आगळ देऊ का बाटलीभर?” दोन बाटल्या घेतल्या. पान्यांच्या संचाला जरा आवरून बसावं लागलं. नकाशा दुरुस्त होऊ नये अशी त्या आजींची इच्छा असेल, तर माझी त्यांना साथ आहे.

गणपतीपुळे, मग आरे-वारे. आरे-वारेच्या वळणावर वरून दोन्ही किनारे दिसतात, आणि तिथे मोटरसायकलवरची सगळी जोडपी फोटोसाठी थांबतात. तरुण जोडपी समुद्राकडे पाठ करून एकमेकांकडे बघतात. आमच्या वयाची समुद्राकडे तोंड करून बघतात आणि फोटो काढणाऱ्याला सांगतात, गाडी पूर्ण येऊ दे.

रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी राणी सुपयालतसह त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ साली थिबा तिथेच वारला. म्हणजे जोडीनं कोकण किनाऱ्यावर काढलेल्या मुक्कामांत हा तीस वर्षांचा मुक्काम बहुधा सगळ्यांत लांबलचक, आणि तोही मनाविरुद्ध. राणी मोठी करारी होती म्हणतात. समुद्र दिसणारा वाडा, कुठे जायची परवानगी नाही आणि कामधाम काही नाही. गॅलरीत उभी राहून मी त्या दोघांचा विचार करत होते. ह्यांनी विचारलं, “एवढ्या वर्षांत काय बोलले असतील गं?” मला तर वाटतं, कॉक बंद केला होता का, हेच.

रत्नागिरीच्या दक्षिणेला मात्र चित्र बदलतं. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, पुढे देवगडजवळ, आचऱ्याला, कर्लीवर, बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत. रस्ता थांबत नाही. पूर्णगडचा पूल आम्ही दोन मिनिटांत ओलांडला. खाली खाडी सुंदर होती असं ह्यांनी संध्याकाळी सांगितलं. विजयदुर्ग, कुणकेश्वर सगळं झरझर आलं. अंतर भराभर कापलं गेलं आणि आमच्यात दिवसभर जे बोलणं झालं त्यात “पाणी” हा शब्द तीनदा आणि “पाठ” हा शब्द बराच वेळा आला. आचऱ्याला एक गोष्ट ऐकायला मिळाली: दर काही वर्षांनी ग्रामदेवतेच्या कौलानं अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं, याला गावपळण म्हणतात. घरं उघडी-बंद, गाव रिकामं, आणि माणसं राहुट्यांत, एकमेकांसमोर. देवानं ही सोय विचार करूनच केली असणार. त्या गावात पूल होऊनही माणसांचं बोलणं का टिकलं, त्याचं हे एक कारण.

आता उत्तरेच्या खाड्यांवरही पूल यायचे आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. इतकी वर्षं ती तुकड्यातुकड्यांनी जगली. आता मोठ्या खाड्यांवरचे पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतलं आहे. बाणकोटच्या खाडीत एका जुन्या अर्धवट पुलाचे खांब बरीच वर्षं नुसते उभे होते, त्यांच्याकडे बघत बोटीतली माणसं “होईल होईल” म्हणायची. आता खरंच होईल असं दिसतं.

आणि पूल व्हायलाच हवेत. रात्रीची शेवटची बोट गेल्यावर पलीकडच्या गावात कुणाला कळा आल्या, कुणाच्या छातीत दुखलं, तर त्याला दहा मिनिटांच्या पाण्यासाठी शंभर किलोमीटरचा फेरा घालावा लागतो. आमच्यासारख्यांना बोटीवर गप्पा मारायला मिळाव्यात म्हणून त्या माणसानं थांबावं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. मासळी लवकर पोहोचेल, मुलं कॉलेजात वेळेवर जातील. फक्त एक होईल: मुंबईहून निघालेला नवरा कुठेही न थांबता गोव्याला पोहोचेल, आणि पोहोचल्यावर मागे बसलेली बाई त्याला काय सांगेल, ते मी इथे लिहीत नाही.

आमची शेवटची बोट तेरेखोलची. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत खाली आलं की नदीच्या अलीकडच्याच काठावर एक किल्ला लागतो आणि तो गोव्यात असतो. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला, तेव्हापासून एवढाच तुकडा नदी ओलांडून इकडे आहे. तिथून केरीला जायला फेरी. ह्यांनी गाडी वर नेली, मी मागून चालत गेले. ह्यांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “परत जाताना सरळ हायवेनं जाऊ. लवकर होईल.” मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललं आहे. त्यावरून लवकर व्हायची आशा बाळगणाऱ्या माणसाबरोबर मी एवढा प्रवास केला होता. मी म्हटलं, “आलो तसेच जाऊ. मला अजून बरंच बोलायचंय.” ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि हेल्मेट नसल्यामुळे या खेपेला मला तो दिसलाही.

तेव्हा ज्यांना जोडीनं किनारा करायचा असेल त्यांनी पूल उघडायच्या आत करून घ्यावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भारी जॅकेटापेक्षा मागच्या सीटवर एक जाड उशी बांधून. सकाळी निघताना दुपारच्या जेवणाचा फोन करावा. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवावेत. आणि शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावर स्वतः वाचावी, गाडी चालवणाऱ्याला विचारू नये.